ग्रॅहमकाकांच्या इंजिनात अक्षता

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. नाही, तुमचे चेहरे आत्ताच हसायला लागलेत. बरं, चहा तरी हातात घ्या. कारण ही माझी फजिती साधीसुधी नाही, तिला आठ सिलिंडर आहेत.

आधी माझी ओळख करून देते, म्हणजे मी किती उंचावरून पडले ते कळेल. मी मेधा. मूळची चिंचवडची, शिकून मेकॅनिकल इंजिनिअर. युनिव्हर्सिटीसाठी मेलबर्नला आले आणि इथलीच झाले. डँडेनॉन्गला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. तिथे पाण्याच्या लाइनचे मोठे व्हॉल्व्ह बनतात आणि माझी सही झाल्याशिवाय त्यातला एकही गेटबाहेर जात नाही. चेकलिस्टवर न बघता टिक करणाऱ्याला मी असं काही झापते, की जेवणाच्या सुट्टीत लोक माझं टेबल टाळतात.

एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आमच्या शेजारी ग्रॅहम आणि मॉरीन राहतात. दोघंही सत्तरीच्या पुढचे. मी त्यांना काका-काकू म्हणते. काकांनी पहिल्याच दिवशी माझ्या मेधाचं 'मेड्स' करून टाकलं. इथे कुणाचं नाव पूर्ण घेतच नाहीत, तो प्रेमाचा भाग असतो. ते दोघं बोलतात अर्थातच इंग्रजीत, पण मी तुम्हाला मराठीतच सांगते. माझ्या कानांना ते आता मराठीतच ऐकू येतं.

माझा नवरा समीर वेस्टर्न ऑस्ट्रेलियात खाणीवर असतो. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. आमची इरा व्हायची होती तेव्हा तो नेमका तिकडे, आणि या बाईसाहेब तीन आठवडे आधीच यायला निघाल्या! मी कुंपणावरून नुसतं "काका" म्हटलं. पुढच्या मिनिटाला मी त्यांच्या गाडीत होते. अख्खा दिवस तो माणूस हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून राहिला. नर्सने विचारलं, "तुम्ही बाळाचे आजोबा का?" काका म्हणाले, "हो." एका क्षणाचाही विचार केला नाही. आणि मॉरीनकाकू? सव्वा महिना रोज दुपारी सूपचं भांडं घेऊन दारात. माझी आई व्हिसाच्या रांगेत अडकलेली, तर या बाईने तिची कसर भरून काढली.

आता मला सांगा, अशा माणसांचे आभार मानायचे कसे? 'थँक यू' म्हटलं की काका म्हणतात, "नो वरीज." संपलं! पुढे बोलायला जागाच ठेवत नाहीत.

पण जागा सापडली. त्यांच्या शेडमध्ये!

शेडमध्ये चादरीखाली एक गाडी होती. दोन दारांची, लांबच लांब नाकाची, इथली जुनी मसल कार, नुसत्या ताकदीसाठी बनवलेली. लग्न झाल्यावर काका मॉरीनकाकूंना याच गाडीतून फिलिप आयलंडला घेऊन गेले होते. पुढे तिचं इंजिन गेलं, मग मुलं, नोकरी, घर, आणि गाडी चादरीखाली गेली ती गेलीच. काका जन्मभर मेकॅनिक. रिटायर झाल्यावर त्यांनी मनावर घेतलं की तिला पुन्हा उभी करायची. आणि जुनं इंजिन दुरुस्त करून नव्हे हं! बिग ब्लॉक टाकायचं, म्हणजे भल्यामोठ्या अंगाचं व्ही-एट. त्यावर सुपरचार्जर. बॉनेटला भोक पाडून वर डोकं काढणारं ते धूड असतं ना, तेच. इंजिनला जबरदस्तीने हवा पाजतं. काका त्याला 'ब्लोअर' म्हणतात.

"काका, या वयात एवढी ताकद कशाला?"

"मॉरीनला वेगाची आवड आहे," काका म्हणाले. मी काकूंकडे बघितलं. त्या शांतपणे स्वेटर विणत होत्या.

अडचण एकच होती. काकांच्या बोटांत संधिवात आणि मान धरलेली. बारीक नट बोटात राहत नव्हते, वाकून आत बघता येत नव्हतं. मी म्हटलं, काका, डोकं तुमचं, हात माझे. आणि पुढची दोन वर्षं माझे सगळे रविवार त्या शेडमध्ये गेले.

खरं सांगते, कॉलेजात चार वर्षांत जे कळलं नाही ते मला त्या माणसाने दोन वर्षांत शिकवलं. हेडचे बोल्ट मधून बाहेर कसे आवळायचे, रांगोळीचे ठिपके जोडावेत तसे, क्रमाने, तीन फेऱ्यांत. पिस्टनची रिंग किती घासायची आणि कुठे थांबायचं. बेअरिंग बोटाने फिरवून त्याचं म्हणणं कसं ऐकायचं. एकदाही आवाज चढवला नाही. मी चुकले की म्हणायचे, "पुन्हा बघू या, लव्ह." लव्ह म्हणजे इथे आपलं 'बाळा'. बस.

काकांचा एकच नियम कडक होता. इंजिन उघडं असेल तेव्हा फडकं जवळ आणायचं नाही. भोकं झाकायला त्यांच्याकडे नारिंगी रंगाची प्लास्टिकची बुचं होती आणि पुसायला निळे कागद. मला त्या कागदांचा राग यायचा. अहो, पुसायचं फडकं कुणी विकत घेतं का? आपल्या घरात बनियन कधी मरत नाही, त्याला बढती मिळते. आधी अंगावर, मग गाडी पुसायला, मग ओट्याला, मग पायपुसणं. समीरचा एक जुना बनियन मी कायम माझ्या कामाच्या डगल्याच्या खिशात ठेवायचे. हात पुसायला हो, फक्त हात!

तर दसऱ्याच्या आदल्या रविवारची गोष्ट. इंजिन गाडीत बसलेलं, आता त्यावर ब्लोअर चढवायचा. खाली हवा आत जाणारी आठ भोकं उघडी. बाहेर उत्तरेचा वारा सुटलेला, शेडमध्ये धूळच धूळ. आठ भोकं आणि बुचं सात. आठवं कधीच हरवलेलं. काका टेप आणायला घरात गेले. मी म्हटलं, "जा तुम्ही, मी बघते आठव्याचं." आणि बघितलं. तात्पुरती सोय केली.

काका आले, टेप काही सापडली नव्हती. वारा पडला होता, म्हणाले चला, चढवून टाकू. त्यांनी बुचं काढून डब्यात टाकली, मोजली. सात होती, सात निघाली. ब्लोअर साखळीला टांगलेला, काका मागून त्याला सरळ धरून आहेत, मान वाकत नाही, म्हणून मला विचारतात, "ऑल क्लिअर, मेड्स?"

तेवढ्यात काकूंची हाक, "चहा झालाय! स्कोन गरम आहेत!"

"ऑल क्लिअर!" मी म्हटलं.

आणि ब्लोअर खाली बसला. मी सगळे बोल्ट मोजून-मापून आवळले. स्कोन, म्हणजे काकूंचे ते चहासोबतचे छोटे गोल पाव, खरंच गरम होते.

आता पुढचा रविवार. इंजिन पहिल्यांदा चालू करायचा दिवस. नेमका दसरा! मला तर साक्षात देवाने तारीख काढून दिल्यासारखं वाटलं. माझे बाबा चिंचवडच्या कारखान्यात टर्नर होते. खंडेनवमीला ते त्यांच्या लेथला असं सजवायचे की शेजारच्या मशीनला हेवा वाटावा. दसऱ्याला स्कूटरला हार. मी म्हटलं, काकांचे आभार मानायचे ना? मग त्यांच्या इंजिनाची पूजा करू. माझ्याकडे द्यायला याहून चांगलं काय आहे?

काकांना विचारलं. ते म्हणाले, "मला मोठा मान आहे, मेड्स." आणि आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. काकूंनी मोत्यांची माळ घातली. बघा, म्हणजे किती मनापासून!

हेही सांगून ठेवते की तो आठवडा साधा नव्हता. गुरुवारी तपासणीचा इंजिनिअर येणार होता, इंजिन चालू असलेलं बघून गाडी रस्त्यावर न्यायचा दाखला देणार होता. शनिवारी काका-काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती, तेव्हा पुन्हा फिलिप आयलंड. आणि सोमवारी काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन. त्यानंतर किती महिने त्या बुटक्या सीटवर बसता येणार नाही, कुणास ठाऊक. म्हणजे होता तो एकच शनिवार.

मी फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानांतून झेंडूचे हार आणले, नारळ आणला, हळदीकुंकू, आणि वाटीभर अक्षता. समीर नशिबाने घरी होता. सकाळभर तो घरात काहीतरी शोधत होता. "मेधा, माझा तो जुना बनियन कुठेय? गाडी पुसायचीय."

"असेल कुठेतरी," मी म्हटलं. पूजेच्या गडबडीत बनियन कोण शोधणार?

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच, पण बाबा आंघोळ करून, टोपी घालून तयार. त्यांच्या मागे देवळाचा लाऊडस्पीकर एवढा किंचाळत होता की मी त्यांना म्यूट करून फोन टूलबॉक्सला टेकवून ठेवला. बाबांना सगळं नीट दिसेल असा, इंजिनच्या अगदी समोर.

पूजा सुरू. ब्लोअरला कुंकवाचं बोट लावलं. हार घातला. इंजिनात आधी थोडं पेट्रोल सोडायचं म्हणून काकांनी वरचं झाकण काढून ठेवलेलं, ब्लोअरच्या डोक्यावरच्या दोन्ही कार्ब्युरेटरची तोंडं आ वासून उघडी. काका एका हाताने थ्रॉटल दाबून धरून उभे. मी सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या, हात जोडले, आणि समीर उत्साहात लग्नातल्यासारखं ओरडला, "सावधान!"

आणि आम्ही उधळल्या की हो!

थोड्या बॉनेटवर पडल्या. थोड्या काकांच्या टकलावर. आणि बाकीच्या सरळ त्या उघड्या तोंडांत. टणटण टणटण, असा गोड आवाज आला.

मी बघितलं ना! मला स्पष्ट दिसलं! मनात चर्र झालं. पण मी काकांकडे पाहिलं, तर काका गंभीर, शांत, नजर ब्लोअरवर. मी म्हटलं, एवढा मोठा मेकॅनिक काही बोलत नाही, म्हणजे चालत असणार. एवढं राक्षसासारखं इंजिन, चार तांदूळ सहज खाईल. मी कोण त्यांना सांगणारी?

समोर फोनवर बाबा दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवत होते. मी म्हटलं, "काका, बघा, बाबा आशीर्वाद देताहेत." काकांनी बाबांना मोकळ्या हाताने नमस्कार केला. बाबा आणखी जोरात हात हलवायला लागले. काकूंनीही त्यांना हात हलवून दाखवला. समीरने फ्लाइंग किस दिला. बाबांनी कपाळाला हात लावला. आम्हाला वाटलं, गहिवरले.

मग काकांनी काय करावं? अवघडलेल्या बोटांनी वाटीतून एक चिमूट तांदूळ घेतले, डोळे मिटले, आणि अगदी जपून, एकही बाहेर सांडू न देता, कार्ब्युरेटरच्या तोंडात सोडले. चमच्याने बाळाला भरवावं तसे!

मी गार. पण आता तर प्रश्नच मिटला ना? खुद्द काकांनी घातले!

काकूंनी वाटी हातात घेतली, आत डोकावल्या आणि विचारलं, "मेधा डिअर, हे कच्चेच घालायचे असतात का? की आधी शिजवायचे?"

मी जोडलेले हात सोडले.

"घालायचे म्हणजे? कुठे?" मी विचारलं.

"इंजिनात," काकू म्हणाल्या. "तुमच्यात घालतात ना?"

मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे. "काका," मी घसा खाकरून म्हटलं, "तांदूळ आत गेलेले चालतात ना?"

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "चालतात? मेड्स, ब्लोअरच्या आत फिरणाऱ्या त्या रोटरमध्ये केसाएवढीसुद्धा जागा नाही! मला वाटलं, तुमच्या देवाला तसंच लागत असेल. तुझं मन कसं मोडायचं? म्हटलं, बिघडलं तर पुन्हा जोडू."

"आणि मला वाटलं, चालत नसतं तर तुम्ही बोलला असता!"

"मला वाटलं, तू बोलली असतीस!"

बघा! दोन समजूतदार माणसं! एकानेही जरा उद्धटपणा केला असता तर ही वेळ आली नसती. काका दोन वर्षांची मेहनत माझ्या श्रद्धेपायी डोळ्यांदेखत दळायला निघाले होते. चावीला हात घालणारच होते.

मला एकदम बाबा आठवले. म्यूट काढलं. फोनमधून गर्जना झाली, "झाकण लाव! अगं झाकण लाव! मघापासून बोंबलतोय! चोवीस वर्षं लेथ पुजला, एक फूल चकमध्ये पडू दिलं नाही मी, आणि ही इंजिनिअर!"

काकांनी विचारलं, "काय म्हणताहेत?"

"शुभेच्छा देताहेत," समीर म्हणाला.

मग काय! हार काढला, नारळ बाजूला ठेवला, आणि इस्त्रीच्या शर्टावर डगला चढवून काकांनी मला पाना दिला. मी आठवड्यापूर्वी आवळलेले सगळे बोल्ट एकेक करून सोडले. साखळी लावून ब्लोअर उचलला. वरच्या वर अडकलेले तांदूळ व्हॅक्यूमने ओढले. रोटरवर ओरखडा नव्हता, कारण इंजिन फिरलंच नव्हतं. मी सुटकेचा श्वास टाकला.

आणि काकांचा श्वास अडकला.

मान वाकत नाही म्हणून ते स्टूलवर चढून टॉर्चने खालच्या भोकांत बघत होते. "हे काय आहे?" असं पुटपुटत त्यांनी लांब चिमटा आत घातला आणि आठव्या भोकातून काहीतरी ओढलं. ते येतच राहिलं. राखाडी, तेलकट, लांबलचक. फडकं!

दुनियेत कुणी ते ओळखलं नसतं, मी ओळखलं. त्याच्या मानेपाशी अजून छोटं लेबल होतं आणि त्यावर आकडा होता ८५. इथे बनियनवर असले आकडे नसतात हो. हे थेट आपल्याकडचं माप. तुमच्याही घरी असेल बघा.

समीर चहाचा कप घेऊन शेजारीच उभा होता. "अरे, हा तर माझा—"

मी त्याच्या पायावर पाय दिला. सेफ्टी बूटसकट.

काका स्टूलवरून उतरले आणि त्याच स्टूलवर बसले. फडकं मांडीवर पसरलं. मग म्हणाले, "सुरू केलं असतं ना, तर हे ओढलं गेलं असतं थेट व्हॉल्व्हमध्ये. इंजिन संपलं असतं." त्यांनी त्या कुंकू लावलेल्या ब्लोअरकडे बघितलं आणि हात जोडले. "तुझ्या देवाने वाचवलं, मेड्स. तांदूळ पडले नसते तर हे आपण उघडलंच नसतं."

काकूंनी मला मिठी मारली. "गॉड ब्लेस यू, डिअर!" फोनवर बाबाही विरघळले. "बघ, पूजा वाया जात नाही," म्हणाले. मी एका क्षणात वेंधळीची साध्वी झाले! आता प्रामाणिकपणे सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी गप्प बसले. हो, बसले. नम्रपणे मान खाली घालून, संतासारखी.

पण काकांनी तिकडे चादर उचलली.

"काय करताय, काका?"

"झाकून ठेवतो," ते हळूच म्हणाले. "जन्मभर इंजिनं जोडली, मेड्स. फडकं आत कधी राहिलं नाही. आज राहिलं, आणि मला आठवतही नाही की मी ते कधी ठेवलं. मान गेली होती, बोटं गेली होती, आता डोकंही चाललं. असल्या माणसाने मॉरीनला शेजारी बसवून एवढी ताकद रस्त्यावर न्यायची नसते."

काकूंनी गळ्यातली मोत्यांची माळ काढली आणि मुठीत धरली.

ते बघितलं आणि माझं संतपण गळून पडलं. ज्या माणसाने मला आणि इराला हॉस्पिटलात पोचवलं, तो माझ्या चुकीपायी स्वतःला म्हातारा ठरवून चादर पांघरत होता.

"काका, थांबा! ते फडकं तुमचं नाही. माझं आहे."

"लव्ह, तू चांगली आहेस म्हणून—"

"चांगली वगैरे काही नाही! तो समीरचा बनियन आहे. आठवं बूच नव्हतं, म्हणून मीच कोंबला. मग तुम्ही ऑल क्लिअर विचारलंत, आणि काकूंनी स्कोन म्हटलं, आणि मी न बघता हो म्हटलं. वाकलेसुद्धा नाही!"

काकांचा विश्वास बसेना. "पुरावा?"

शेवटी समीरने शर्टाची दोन बटणं काढली, अंगातला बनियन उलटा केला आणि मानेमागचं लेबल दाखवलं. तीच कंपनी, तोच शिक्का. फक्त आकडा ९५.

"८५ लग्नाच्या वेळचं आहे," समीर कसंनुसं म्हणाला.

काकांनी दोन्ही लेबलं टॉर्चखाली शेजारी शेजारी धरली. माझ्याकडे बघितलं. "तू," ते म्हणाले, "तू, जी कारखान्यात न बघता टिक करणाऱ्यांना ओरडतेस?"

"हो."

"ती तू?"

"हो, काका, तीच मी."

मग ते हसायला लागले. असे हसले की स्टूलचा आधार घ्यावा लागला. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं हसण्याचं आहे, पण नंतर त्यांनी माझा तेलकट हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "थँक यू, मेड्स. तुला ठाऊक नाही तू मला काय परत दिलंस." मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'नो वरीज' म्हटलं. नीट म्हणता आलं नाही, रडत होते.

सोमवार, मंगळवार कामावरून आल्यावर मी तिकडेच. काकांनी या वेळी आठही भोकांत टॉर्च धरायला लावला. मी एकेकात वाकून मोठ्याने म्हणायचे, "पहिलं, रिकामं. दुसरं, रिकामं." समीरही मागून मोजत होता.

बुधवारी संध्याकाळी झाकण घट्ट बसवून, नारळ शेडच्या बाहेर फोडून, एकही दाणा न उधळता, इंजिन चालू केलं. काय सांगू! पायाखालची जमीन थरथरली. खिडकीच्या काचा वाजल्या. पट्ट्यावर फिरणाऱ्या ब्लोअरची ती शीळ! गल्लीतली कुत्री कोरसमध्ये ओरडली. आता चार वर्षांची झालेली इरा कानांवर हात ठेवून किंचाळली, "It's so loud! I love it!" काका एका हाताने इंजिनला नुसते स्पर्श करून उभे होते, नाडी बघावी तसे.

गुरुवारी दाखला मिळाला. शनिवारी सकाळी मॉरीनकाकू डोक्याला रुमाल बांधून, मोत्यांची माळ घालून त्या बुटक्या सीटवर बसल्या. पुढच्या आरशाला झेंडूचा छोटा हार होता, त्यांनीच बांधलेला. गाडी गल्लीच्या टोकाला गेली, आणि काकांनी असा काही पाय दाबला की हार मागे उडाला! गाडीतून काकूंची आरोळी ऐकू आली. "फास्टर, ग्रॅहम!" खरंच आवड होती हो त्यांना वेगाची.

मी फाटकात उभी राहून रडले. समीरने मला रुमाल दिला. मी आधी तो उलटून लेबल बघितलं.

आता काकूंचं ऑपरेशन नीट झालंय, त्या चालायला लागल्यात, आणि रविवारी सकाळी गाडी पुन्हा बाहेर निघते. तर तुम्हाला वाटेल, चला, गोड शेवट. नाही! शिक्षा अजून चालू आहे.

चावी फिरवण्याआधी काकांची एक चेकलिस्ट असते. ऑइल. पाणी. पेट्रोल. पट्टा. चारही टिक झाले की ते कुंपणापाशी येतात आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, "मेड्स! समीरचा बनियन?"

मग मी नवऱ्याला अंगणात उभं करते, भर सकाळी, शेजाऱ्यांसमोर त्याचा शर्ट वर करते, वाकून, नीट बघून, खात्री करते आणि ओरडते, "अंगावर आहे! ऑल क्लिअर!"

त्यानंतरच इंजिन चालू होतं. आणि समीर खाणीवर असेल तेव्हा? तेव्हा काका मला फोटो मागवायला लावतात.